ब्लोअर हाऊसचा पाया: साईटवरच्या नोंदी

काम: पालिकेचं मलनिस्सारण केंद्र, १० एमएलडी (दिवसाला एक कोटी लिटर सांडपाणी), ऊर्जा बचत प्रकल्प. पालिकेचा अभियंता म्हणून देखरेख माझी. कृष्णाकाठ, सांगली जिल्हा. जुने सरफेस एरेटर (टाकीतलं पाणी वर उडवून त्यात हवा मिसळणारी यंत्रं) काढून टाकीच्या तळाशी डिफ्युझर (तळातून बुडबुडे सोडणारे), त्यांना हवा द्यायला दोन ब्लोअर, ब्लोअरसाठी नवी इमारत, शिवाय १०० किलोवॅट सोलर. बी-१ निविदा (टक्केवारीने दर भरायची), अकरा टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी, स्वीकृत रक्कम २ कोटी ३८ लाख. मुदत नऊ महिने.

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवार

गणपती झाले, पितृपक्ष सुरू आहे. ठेकेदार म्हणाला, अशुभ-बिशुभ आमच्यात नाही, आखणी करून टाकू. चुना मारला, १४.५ बाय ९.५. दुपारी जेसीबी लागला. चाचणी खड्ड्याच्या अहवालात लिहिलंय १.४ मीटरखाली मुरूम, म्हणून अंदाजपत्रकात खोदाई १.५ मीटर, २०७ घनमीटर. संध्याकाळी दीड मीटरवर टेप लावली. मुरूम नाही. काळी माती, चिकट, बकेटला धरून बसतेय. उद्या बघू.

२५ सप्टेंबर

२.४ मीटर. अजून काळीच. आता तर करडा गाळ, त्यात गोगलगाईचे शंख आणि एक निळी प्लास्टिकची पिशवी. म्हणजे ही भर आहे. तळाला पाणी झिरपायला लागलंय. दुपारी एकला बूटभर होतं, चारला गुडघ्याखाली.

तात्या (रात्रपाळीचे ऑपरेटर, केंद्र सुरू झालं तेव्हापासून इथंच) कडेला उभे राहून तंबाखू मळत होते. म्हणाले, "साहेब, हितं मळी हुती पूर्वी. नाला असा वळून जायचा. प्लँट बांधताना बुजवला त्यांनी."

"मग कधी बोलला नाही ते तात्या?"

"इचारलं कुनी?"

२७ सप्टेंबर

ऑफिसला फाईल काढून बसलो. चाचणी खड्डा मे महिन्यात घेतला होता, एकच, प्लॉटच्या पूर्व कोपऱ्यात. तिथं मुरूम १.४ मीटरवर आहेच, खोटं काही नाही. पण इमारत त्या कोपऱ्यात राहिली नाही. वरून ३३ केव्हीची लाईन जाते, तिच्याखालून काढायला म्हणून ती १८ मीटर पश्चिमेला सरकवली. नवा नकाशा आला, त्यावर 'जागेवर तपासून योग्य' असा शेरा आणि सही आहे. सही माझी.

नव्या जागी दुसरा खड्डा घ्या, असं मी लिहायला हवं होतं. जेसीबीच्या दोन तासांच्या भाड्यात झालं असतं. सल्लागारानेही सुचवलं नाही, पण सल्लागाराची सही त्या शेऱ्याखाली नाही.

३० सप्टेंबर

सल्लागाराचा माणूस आला. आणखी खोदून पाहिलं, ३.२ वर मुरूम लागला, ३.४ ला घट्ट. डिझाईनमध्ये जमिनीची क्षमता चौरस मीटरला २० टन धरली आहे. या काळ्या मातीला आठ-दहाच्या वर कोणी सही करणार नाही. शिवाय ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. ब्लोअर म्हणजे चोवीस तास थरथरणारं मशीन. पाया जरा जरी कलला तर बेअरिंग सहा महिन्यांत जाणार.

इमारत परत पूर्वेला न्यायची तर लाईन हलवावी लागेल, त्याचे पैसे आणि महिने वेगळे. ठरलं ते असं: ३.४ पर्यंत जायचं, रबल सोलिंग (दगडांचा थर), त्यावर पीसीसी (सळ्यांविना काँक्रीट), मग राफ्ट (अख्ख्या इमारतीखाली एकच सलग पाया).

आणखी एक विषय निघाला आणि तो मीच काढला. जुन्या पॅनल रूमच्या भिंतीवर ऑगस्ट २०१९ च्या पुराची रेघ आहे, ऑईल पेंटने ओढलेली. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. आमच्याकडं नाल्यातून फुगवटा आला, पॅनल बुडालं, सहाच्या सहा मोटारी रिवाइंड केल्या. २०२१ ला परत पाणी दारात. आणि नव्या ब्लोअर हाऊसचं जोतं नकाशात जमिनीपासून ४५ सेंटीमीटर. लेव्हल लावून बघितली. पुराची रेघ त्या जोत्याच्या ९० सेंटीमीटर वर येते. व्हीएफडी पॅनल (ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारं) काय पोहायला शिकवायचं का? जोतं १.२ मीटरने उचलावं, असा प्रस्ताव सोबत जोडला.

४ ऑक्टोबर

ठेकेदाराचं पत्र आलं. आकडे नाहीत, फक्त 'वाढीव कामाची दखल घ्यावी व लेखी आदेश द्यावेत'. हुशार माणूस. करारातला क्लॉज ३८ त्याला पाठ आहे. निविदेतल्या परिमाणापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत जास्तीचं काम निविदेच्याच दराने करायचं. त्याच्या पुढचं काम लेखी आदेश असेल तरच, आणि चालू दरसूचीच्या दराने, त्यालाही निविदेची बिलोची टक्केवारी लावून. म्हणजे खोदाई २०७ ची २५८.७५ पर्यंत बिनबोभाट चालते. खड्डा तर ४६८ चा होणार. मधल्या २०९ घनमीटरला माझ्याकडं आज कागद नाही.

सोलिंग आणि राफ्ट या बाबी निविदेतच नाहीत, त्या जादा बाबी. त्यांची ईआयआरएल (जादा बाबींच्या दरांची यादी) वेगळी करावी लागेल, प्रत्येक बाबीचं दर पृथक्करण, म्हणजे दर कसा आला त्याची फोड, जोडून.

१४ ऑक्टोबर

दसरा झाला. फाईल वर गेली, आमच्या हिशोबाने २४ लाखांच्या आसपास. दुपारी बाराला लेखापाल म्हणाले, "उद्या-परवा आचारसंहिता लागतीय म्हणतात." मी म्हटलं, चालू काम आहे, त्याला काय होतंय. ते नुसतं हसले.

१५ ऑक्टोबर

लागली, विधानसभेची. मतदान २० नोव्हेंबर, निकाल २३ ला.

चालू काम थांबत नाही हे खरं. पण वाढीव खर्चाची मान्यता ही नवी मान्यता, त्यावर आता कोणी पेन टेकवणार नाही. फाईल मुख्याधिकारी मॅडमच्या टेबलावर, सगळ्यात खाली. सभागृहाची मुदत संपल्यापासून प्रशासकही त्याच आहेत, म्हणजे स्थायी समिती, सर्वसाधारण सभा सगळं एकाच खुर्चीत. एरवी हे सोयीचं. आज त्या खुर्चीचे हात बांधलेले.

२१ ऑक्टोबर

शनिवारी रात्री जोराची सर आली. डिवॉटरिंगचा (खड्ड्यातलं पाणी उपसायचा) पंप बंद पडला. डिझेल संपलं होतं आणि राखणीचा पोरगा घरी झोपायला गेला होता. उत्तरेची कड बसली. जवळजवळ पाच मीटर लांबीचा लगदा खड्ड्यात. नशीब, आत कोणी नव्हतं.

ढासळलेल्या कडेत दहा इंची सिमेंट पाईपचं तोंड उघडं पडलं, कुठल्याच नकाशात नाही. त्यातून मैलापाणी गळतंय. तात्या म्हणाले, जुना बायपास असंल.

फोटो काढले, तारीख-वेळ येईल असे. साईट ऑर्डर बुकात लिहिलं: पंप बंद, डिझेल नाही; पंप चोवीस तास चालू ठेवावा, कडा उतरत्या कराव्यात, तळाला रबल टाकून खड्डा सुरक्षित करावा. ठेकेदाराच्या सुपरवायझरची सही घेतली. रबलचे दीड-एक लाख होतील. मान्यता नाही, तरी आदेश माझ्या अक्षरात आहे. पुढं ऑडिटमध्ये कोणी विचारलं तर सांगायचं की उघडा खड्डा आणि शेजारी भरलेली एरेशन टाकी, दोन्हींत आठ मीटरचं अंतर होतं. घरी सांगितलं नाही.

२८ ऑक्टोबर

वसुबारस. मजूर गेले. पंप चालू, तात्या बघतायत.

१२ नोव्हेंबर

काही नाही. सोलरचे खांब उभे राहिले, तेवढंच. दोन नंबरच्या एरेटरचा गिअरबॉक्स गेला. नवे डिफ्युझर बसायचे म्हणून जुन्याची दुरुस्ती बजेटमधून काढली होती. ४२ हजार, परत जुन्यावरच.

२५ नोव्हेंबर

फाईल हलली आणि लगेच परत आली, तीन त्रुटी लावून. एक: ही परिस्थिती अंदाजपत्रक करताना का लक्षात आली नाही? दोन: वाढीव खर्च कोणत्या लेखाशीर्षातून? तीन: ऊर्जा बचतीच्या परताव्यावर काय परिणाम?

पहिल्याचं उत्तर लिहायला दोन तास गेले. 'भूस्तरातील अनपेक्षित बदल' हा शब्दप्रयोग आमच्याकडं तयारच असतो. तो टाकून पाहिला, पण बरा वाटेना. शेवटी सरळ लिहिलं की इमारतीची जागा बदलल्यावर नव्या जागी चाचणी खड्डा घेतला गेला नाही, नकाशावरच्या शेऱ्याखाली माझी सही आहे. त्याचबरोबर हेही लिहिलं की खड्डा घेतला असता तरी पाया एवढाच खोल गेला असता. फरक एवढाच की ही रक्कम निविदेत आली असती आणि तिच्यावर चार ठेकेदारांनी स्पर्धेने दर भरले असते. आता भाव एकाच माणसाशी ठरवायचाय, तोही खड्डा उघडा असताना.

२७ नोव्हेंबर

ठेकेदाराने आता पूर्ण मागणी दिली. ३८ लाख ४० हजार. म्हणजे निविदेच्या १६ टक्के.

रात्री जेवण झाल्यावर वहीच्या पानावर तीन रकाने पाडले. जमिनीने मागितलेलं, आम्ही मागितलेलं, त्याने मागितलेलं.

जमिनीने: जादा खोदाई, पाणी उपसा, सोलिंग, पीसीसी, राफ्ट. १५.१० लाख.
आम्ही: जोतं १.२ मीटर वर, जादा कॉलम, भराव, जिना, मशीन चढवायचा रॅम्प. ९.७०.
त्याने: हवेच्या स्टील हेडरची भाववाढ ६.२०, आचारसंहितेच्या काळात यंत्रं बसून राहिली त्याचे ३.९०, जादा राखण आणि पुन्हा उपसा १.७५, जुना पाईप वळवला त्याचे १.७५. एकूण १३.६०.

पहिला रकाना द्यावाच लागतो, फक्त मोजून. दुसराही द्यावा लागतो, आपणच बोललोय. भांडण होणार ते तिसऱ्यात. पण नीट बघितलं तर त्यातला पाईप पहिल्या रकान्यातला आहे. जमिनीत लपलेला होता, कोणाच्याच नकाशात नव्हता. तो तिकडं सरकवला. ठेकेदाराने मागितलं म्हणून ते खोटंच, असं नसतं.

३ डिसेंबर

ठेकेदाराबरोबर बसलो. चहा दोनदा झाला.

भाववाढ: कामाची मुदत बारा महिन्यांच्या आत, करारात भाववाढीचं कलम नाही. त्याने लगेच सोडली. सोडायला म्हणूनच टाकली होती.

बसून राहिलेली यंत्रं: इथं मला त्याची बाजू पटते. चाळीस दिवस थांबला तो आमच्या कागदापायी. पण करार अशा वेळी मुदतवाढ देतो, पैसे नाही. मुदतवाढ दंडाविना देऊ म्हटलं. गप्प झाला. मग म्हणाला, "साहेब, अकरा टक्के बिलो भरलंय ते काय समाजसेवा म्हणून?"

"मग भरताना विचार करायचा होता दादा."

"तुम्हीबी खड्डा काढताना करायचा हुता."

यावर मला काही सुचलं नाही. तिसरा चहा मी सांगितला.

६ डिसेंबर

संयुक्त मोजणी. ठेकेदार ५६० घनमीटर म्हणतो, माझं ४६८. मधले ९२ म्हणजे ढासळलेली कड. टेपचं एक टोक सुपरवायझरच्या हातात, दुसरं माझ्या. खुंट्या अजून जागेवर आहेत, १४.५ आणि ९.५, खोली चारही कोपऱ्यांत ३.३८ ते ३.४२. ऑर्डर बुकातली २१ तारखेची नोंद उघडून दाखवली: पंप बंद, डिझेल नाही, खाली त्याच्याच सुपरवायझरची सही. सुपरवायझरने सही निरखून पाहिली, स्वतःचीच आहे का याची खात्री करावी तशी. एमबीत (मोजमाप पुस्तकात) ४६८.३५ चढलं.

१० डिसेंबर

तिसऱ्या त्रुटीचं उत्तर. मॅडमनी समोर बसवून विचारलं, "खर्च वाढला तर बचतीचं गणित कुठं जातं ते एका कागदावर दाखवा. पीपीटी नको."

केंद्राच्या विजेत निम्म्याहून जास्त हवेवर जाते. सध्या ३० अश्वशक्तीचे चार एरेटर चालतात, मीटरवर सरासरी ८० किलोवॅट, दिवसाला १,९२० युनिट. एरेटर पाणी वर उडवून हवेत भिजवतो. डिफ्युझर तळातून बारीक बुडबुडे सोडतो; ते सावकाश वर येतात, तेवढ्या वेळात जास्त प्राणवायू पाण्यात उतरतो, म्हणून तेवढ्याच कामाला वीज जवळपास निम्मी. ब्लोअरचे सरासरी ४० किलोवॅट धरले.

इथं सल्लागाराच्या तक्त्यात एक चूक सापडली. त्याने व्हीएफडीने वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज ५१ टक्क्यांवर येते असं धरलं होतं. हा घनाचा नियम सेंट्रिफ्युगल पंपाचा आणि पंख्याचा. आमचे ब्लोअर रूट्स जातीचे (दर फेऱ्याला ठरावीक हवा ढकलणारे), डोक्यावर पाण्याची उंची तीच. वेग ८० टक्के तर वीजही साधारण ८० टक्केच. त्याची बचत खाली आणली, तेव्हा दिवसाला ९६० युनिट राहिली. सोलर किलोवॅटला रोजचे चार युनिट धरून ४०० युनिट. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट आठ रुपयांना पडतं. वर्षाला ३९ लाख ७० हजार.

मूळ खर्च सहा वर्षांत फिटत होता. ठेकेदाराची सगळी मागणी मान्य केली तर सात. आम्ही सुचवतोय ती रक्कम धरून साडेसहा. जोतं न उचलता वाचवले आणि एकदा पूर आला तर हे गणितच बुडतं, हे तोंडी सांगितलं.

एक आकडा मी कागदावर लिहिला नाही, कारण तो कुठल्याच तक्त्यात बसत नाही. ब्लोअर एक महिना उशिरा सुरू झाला की २ लाख ३० हजारांची वीज जास्त जाते. सप्टेंबरपासून फाईल फिरतेय. बोटं मोजत मॅडमनीच हिशोब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे राफ्टचे पैसे आपण महावितरणला भरतोय."

१९ डिसेंबर

दुसऱ्या त्रुटीवर अडलं होतं. योजनेच्या आदेशात स्पष्ट आहे: मंजूर रकमेवरचा खर्च स्थानिक संस्थेने स्वतः सोसायचा. स्वनिधीत पगारापुरतं असतं. लेखापालांनीच वाट काढली: पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांनाच वापरायच्या) अनुदानात स्वच्छतेचा हिस्सा शिल्लक आहे, मलनिस्सारण त्यात बसतं. या माणसाला मी ऑक्टोबरात मनातल्या मनात बरंच बोललो होतो.

एक्सेस-सेव्हिंगचा (जादा खर्च आणि बचतीचा) तक्ता बसवला. जमिनीचे १३.२०, जोत्याचे ९.१०, पाईपचे १.६०, एकूण २३.९०. अंतर्गत रस्ता आणि तारेचं कुंपण कमी केलं, ३.४० ची बचत. निव्वळ २० लाख ५० हजार, निविदेच्या ८.६ टक्के. रस्ता वगळल्याचं पावसाळ्यात कळेल.

२ जानेवारी २०२५

तांत्रिक मान्यता आली, ईआयआरएलचे दोन दर किरकोळ कापून. दर त्यांनी कापले नसते तर मलाच चुकचुकलं असतं. संध्याकाळी प्रशासकीय ठराव झाला.

६ जानेवारी

लेखी आदेश ठेकेदाराच्या हातात दिला, पोच घेतली. रबलचे दीड लाख आदेशात धरले गेले. आता घरी सांगितलं.

१७ जानेवारी

संक्रांत आटोपून परवा सोलिंगवर पीसीसी, आज राफ्ट. सकाळी सातपासून ट्रान्झिट मिक्सर. तिसऱ्या गाडीचा स्लंप (काँक्रीट किती घट्ट ते बघायची चाचणी) पातळ आला, ड्रायव्हरने वाटेत पाणी मारलं होतं हे उघड. गाडी परत पाठवली. सुपरवायझरने कपाळावर हात मारला, पण बोलला नाही. रात्री साडेनऊला शेवटचा व्हायब्रेटर बंद झाला. क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे) भरून ठेवले, वर तारीख खिळ्याने कोरली.

१८ फेब्रुवारी

२८ दिवसांचे क्यूब पास. कॉलम जोत्यापर्यंत. तात्यांनी नव्या कॉलमवर पुराची उंची खडूने ओढली, माझ्याकडून लेव्हल लावून घेऊन. रेघेच्या वर ३० सेंटीमीटर जोतं.

२७ मार्च

वर्षअखेर. चालू बिल लेखा शाखेत, माझ्यापुढं नंबरला अकरा जण. ब्लोअर रॅम्पवरून चढवून जागेवर बसले, अलाइनमेंट बाकी आहे. वीज जोडणी पुढच्या महिन्यात.

पुढच्या टप्प्यात पंपिंग स्टेशनची विहीर आहे. सल्लागाराने नकाशावर जागा दाखवली. तात्यांना घेऊन तिथं गेलो. त्यांनी चप्पल काढून चार पावलं इकडं, चार तिकडं केली आणि म्हणाले, हितं पक्कं हाय, पर त्या जांभळीपास्नं लांब ऱ्हावा. दोन खड्ड्यांचं पत्र काढलं, एक नकाशातल्या जागी, एक जांभळीपाशी. जेसीबी सोमवारी येतोय.